मामू, मला एव्हरेस्टवर जायचंय

गेल्या वर्षी ईदनंतर आठ-दहा दिवसांनी धाकट्या बहिणीचा रिसोडहून फोन आला. "भाईजान, आता तुम्हीच समजवा याला. रात्र-रात्र मोबाईलवर बर्फाचे डोंगर बघत बसतो. म्हणतो, एव्हरेस्टवर जाणार. याच्या अब्बूंनी तर बोलणंच टाकलंय."

भाचा एकोणीस वर्षांचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरची शेती सहा एकर, सोयाबीन आणि तूर. मी अठ्ठावीस वर्षे वाशिम जिल्ह्यातल्या शाळांत भूगोल शिकवला. "जगातील सर्वांत उंच शिखर कोणते?" हा एका गुणाचा प्रश्न किती वेळा काढला असेन, त्याची गणती नाही. उत्तर बरोबर आले की गुण द्यायचा आणि पुढचा पेपर घ्यायचा. भाच्याला समजवायला बसलो तेव्हा कळले की त्या एका गुणामागे काय-काय आहे, हे मी कधी कुणाला सांगितलेच नव्हते. त्या दुपारी आणि पुढच्या काही दिवसांत आमचे जे बोलणे झाले, ते वाचकांपुढे ठेवतो. कुणाच्या घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर उपयोगी पडेल.

आधी उंची. वाशिम शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक पाच कळसूबाई रचल्या आणि त्यावर आपले वाशिम आणून ठेवले, तरी एव्हरेस्टला सुमारे सत्तर मीटर कमीच पडतात. २०२० च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची आहे ८,८४८.८६ मीटर. भाच्याला हा आकडा तोंडपाठ होता. मी विचारले, "बेटा, हा पहिल्यांदा मोजला कुणी? आणि वर न जाता मोजला कसा?" तो गप्प.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला हिमालयात जावे लागत नाही. आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला गेले तरी चालते. तिथे विल्यम लॅम्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ साली या माणसाने मद्रासजवळ जमिनीवर साखळी अंथरून एक सरळ रेषा मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे निघाला. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की बाकीच्या दोन बाजू गणिताने निघतात, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असते. लॅम्टनने तेवढ्या भांडवलावर अख्खा देश मोजायला घेतला. वीस वर्षांनी हैदराबादकडून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. वय सत्तरीच्या आसपास. पुढचे काम त्याच्या मदतनिसाकडे आले. त्या मदतनिसाचे नाव जॉर्ज एव्हरेस्ट.

हा एव्हरेस्ट आजारपणाने खंगलेला असतानाही वऱ्हाडातून मोजत-मोजत वर सरकला. १८ ते २४ अंश अक्षांशांमधल्या आपल्या मोजणीवर त्याने १८३० साली ग्रंथही छापला. वाशिमचा अक्षांश २० अंशांच्या थोडा वर, म्हणजे आपला मुलूख त्या ग्रंथाच्या मधोमध येतो. ती रेषा ७८ अंश रेखांशाच्या जवळून, म्हणजे आपल्या मानोरा-कारंजाच्या पूर्वेकडून वर जाते. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. अर्ध्या टनाचे कोन मोजायचे यंत्र माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर चढवत ही माणसे गेली. यंत्र वाहणाऱ्या खलाशांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत.

एक नाव मात्र टिकले, आणि ते माझ्या भाच्याने कधी ऐकले नव्हते. खरे सांगायचे तर मीही निवृत्त झाल्यावरच वाचले. सय्यद मीर मोहसिन हुसेन. अर्काटचे राहणारे, मद्रासेत बारीक कारागिरीचे काम करणारे. मोजणी खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, ब्लॅकरने, त्यांचा हात ओळखला आणि त्यांना कलकत्त्याला आणले. इंग्लंडहून हेन्री बॅरो नावाचा यंत्रकार मोठ्या पगारावर आला होता, त्याच्या हाताखाली ते राहिले. बॅरोचे आणि एव्हरेस्टचे पटले नाही, तो गेला आणि १८४० च्या दशकात कारखान्याची जबाबदारी मीर मोहसिन यांच्यावर आली. एव्हरेस्ट हा फार तापट आणि टोचून बोलणारा माणूस, सहकाऱ्यांचे कौतुक त्याच्या तोंडून क्वचितच निघायचे. त्याने मीर मोहसिन यांच्या कसबाची लेखी तारीफ करून ठेवली आहे. वर्तुळाचे एका अंशाच्या बारीक-बारीक भागांत विभाजन करणे हे त्यांचे काम. तिथे केसभर चूक झाली तर शेकडो किलोमीटर दूरचा डोंगर जागचा हलतो.

आता मोजणी. नेपाळ इंग्रजांना आत येऊ देत नव्हता. म्हणून १८४९-५० मध्ये मोजणी खात्याच्या माणसांनी बिहारच्या तराईतून, पावणेदोनशे किलोमीटर किंवा त्याच्या आगेमागे असलेल्या अंतरांवरून, सहा वेगवेगळ्या ठिकाणांहून त्या शिखरावर दुर्बीण लावली. कागदावर त्याचे नाव होते 'शिखर क्रमांक पंधरा'. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या गोलाईमुळेच दोन किलोमीटरहून अधिक डोंगर क्षितिजाखाली जातो. वरून हवेच्या थरांत प्रकाश वाकतो आणि शिखर असते त्याहून उंच दिसते. ही सारी वजाबाकी-बेरीज करायला गणिती लागले. त्यांचा प्रमुख होता बंगालचा राधानाथ सिकदर. १८५२ साली तो साहेबाच्या खोलीत धावत शिरला आणि "जगातले सर्वांत उंच शिखर सापडले!" असे ओरडला, ही गोष्ट आपण पुस्तकांत वाचतो. मीही वर्गात हातवारे करून सांगत असे. पण सिकदर तेव्हा कलकत्त्यात होता आणि साहेब, अँड्र्यू वॉ, डेहराडूनला. धावत शिरणार कसा? प्रत्यक्षात हिशेब तपासत-तपासत चार वर्षे गेली आणि १८५६ मध्ये उंची जाहीर झाली, २९,००२ फूट. असे सांगतात की गणितात नेमके २९,००० आले होते, पण लोकांना तो अंदाजाचा आकडा वाटेल म्हणून वर दोन फूट चढवले. आजच्या मोजणीशी ताडून पाहा, फरक तीस-बत्तीस फुटांचा. तराईतल्या डासांत आणि हिवतापात बसून, डोंगराला हातही न लावता.

नाव एव्हरेस्टचे पडले ते वॉच्या आग्रहाने, १८६५ मध्ये. एव्हरेस्टला स्वतःला ते पसंत नव्हते आणि त्याने ते शिखर मोजलेही नव्हते. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत आले, नेपाळी नाव सगरमाथा.

भाचा म्हणाला, "मामू, हे सगळं ठीक आहे, पण मला चढायचंय, मोजायचं नाही." म्हटले, मग डोंगर कसा आहे ते तरी समजून घे.

आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एव्हरेस्टचा माथा चुनखडीचा आहे, चाळीस कोटींहून जास्त वर्षे जुना, आणि त्या दगडात समुद्रातल्या जीवांचे अवशेष सापडतात. म्हणजे जगाचे सर्वांत उंच टोक एकेकाळी समुद्राचा तळ होते. भारताची भूमी आशियाला जाऊन भिडली आणि तो तळ उचलला गेला. आणखी एक मौज सांगतो. मालेगावकडच्या अजिंठा रांगेवर पडलेला पाऊस काटेपूर्णेतून पूर्णा-तापीला मिळून अरबी समुद्रात जातो, आणि दक्षिण उतारावरचा पैनगंगेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात. आपली ही ठेंगणी टेकडी दोन समुद्रांना पाणी वाटते. एव्हरेस्टला ते जमत नाही. नेपाळच्या बाजूचा बर्फ वितळो की तिबेटच्या, दोन्हींचे पाणी शेवटी कोसीतून गंगेलाच येते.

वर हवेचा दाब इथल्यापेक्षा जवळपास एक तृतीयांश. पाणी सत्तर अंशांच्या आसपासच उकळते, त्यात डाळ शिजायची नाही. आठ हजार मीटरच्या वर माणसाचे शरीर सावरत नाही, ते दर तासाला फक्त खचत जाते. वर्षाचा बराच काळ शिखरावर अतिवेगवान वारे घोंगावतात. पावसाळा जवळ आला की ते वारे उत्तरेकडे सरकतात आणि मेच्या मध्यापासून थोडे दिवस वाट मोकळी होते. आपल्याकडे उन्हाने जमीन तापलेली असते, शेतकरी वखरणी आटोपून आभाळाकडे बघत असतो, तेव्हाच तिथे शेकडो लोक एकदम वर निघतात. गर्दी होते ती यामुळे. नेपाळकडून जायचे तर ५,३६४ मीटरवरच्या तळापासून खुंबूचा हिमप्रपात लागतो. हा तुटत-सरकत खाली येणारा बर्फ आहे, त्यातल्या भेगांवर शिड्या टाकून जायचे. मग मोठी बर्फाळ दरी, ल्होत्सेचा उभा उतार, सुमारे ७,९०० मीटरवरची खिंड, आणि तिथून रात्री निघून शेवटचा चढ. शिड्या आणि दोर दरवर्षी नव्याने लावावे लागतात. ते लावतात शेर्पा, गिऱ्हाईक यायच्या आधी.

चढाईचा इतिहास त्यांच्यापासूनच सुरू करायला हवा. १९२२ च्या इंग्रज मोहिमेत हिमलोटाखाली सात हमाल गेले. १९२४ मध्ये मॅलरी आणि अर्विन माथ्याजवळच्या ढगांत दिसेनासे झाले. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, अर्विनचा पाय आणि त्यातला नाव शिवलेला मोजा २०२४ मध्ये. ते माथ्यावर पोहोचले होते का, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग २९ मे १९५३, सकाळी साडेअकरा, हिलरी आणि तेनसिंग. त्यांच्यामागे साडेतीनशेहून जास्त हमालांनी वाहिलेले सामान. पहिले पाऊल कुणाचे, यावर दोन देशांत वाद पेटला. दोघांनी "आम्ही जवळजवळ बरोबरच पोहोचलो" असे सांगितले. पुढे तेनसिंगने आत्मचरित्रात सरळ कबूल केले की हिलरी एक पाऊल पुढे होता. त्याने एवढे सांगितले नसते तर जगाला कळण्याचा मार्ग नव्हता.

भारताची पहिली यशस्वी मोहीम १९६५ ची, एम. एस. कोहलींच्या नेतृत्वाखालची, नऊ जण माथ्यावर. बचेंद्री पाल १९८४. महाराष्ट्राला मात्र १९९८ पर्यंत थांबावे लागले. त्या मे महिन्यात सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने वर पोहोचले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोठी मोहीम यशस्वी झाली. आणि २०१८ मध्ये आपल्या विदर्भातल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी माथ्यावर उभे राहिले. ज्यांना "गरिबांच्या पोरांनी असली स्वप्ने बघू नयेत" असे वाटते, त्यांच्यासाठी हे वाक्य मी बहिणीला दोनदा ऐकवले.

भाच्याला सर्वांत आवडली ती रफिक शेख यांची हकिकत. तेव्हाच्या औरंगाबादच्या पोलीस दलातला हा शिपाई. २०१४ मध्ये गेले, त्या वर्षी १८ एप्रिलला हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले आणि हंगाम बंद पडला. २०१५ मध्ये पुन्हा गेले, २५ एप्रिलला भूकंप झाला आणि तळावरच हिमलोट आला. तिसऱ्यांदा, मे २०१६ मध्ये, ते माथ्यावर पोहोचले. दोनदा रिकाम्या हाताने परत आलेल्या माणसाला घरच्यांनी, नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी काय-काय ऐकवले असेल, याचा अंदाज आपल्या मोहल्ल्यात राहणाऱ्या कुणालाही येईल.

त्याच २०१६ च्या हंगामात पुण्याच्या पोलीस दलातल्या एका जोडप्यानेही शिखर सर केल्याचे जाहीर केले. हारतुरे झाले, नेपाळ सरकारने प्रमाणपत्रही दिले. मग इतर गिर्यारोहकांनी फोटो तपासले. फोटो दुसऱ्याच्या चढाईचे, त्यावर यांचे चेहरे बसवलेले. प्रमाणपत्रे रद्द झाली, नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढच्या वर्षी दोघांना नोकरीवरून काढण्यात आले. मला त्यांच्या शिक्षेपेक्षा वेगळीच गोष्ट लागते. रफिक शेख यांच्यासारख्या खऱ्या माणसालाही त्यानंतर लोक फोटो मागू लागतात. मीर मोहसिन यांनी केसभर चूक होऊ नये म्हणून आयुष्य घातले, आणि इथे दीडशे वर्षांनी मोबाईलवर चेहरा चिकटवून शिखर! भाचा थोडा वरमला. त्याच्या व्हॉट्सअॅपच्या फोटोत तो बर्फात उभा होता, आणि बर्फ त्याने रिसोडमध्येच मिळवला होता.

मग मी त्याला निहाल बागवानबद्दल सांगितले. सांगावे की नाही, याचा आदल्या रात्री बराच विचार केला होता. अकलूजचा, सत्तावीस वर्षांचा. मे २०१९ मध्ये तो खरोखर माथ्यावर पोहोचला. त्या वर्षी नेपाळने ३८१ परवाने दिले होते, हवा मोकळी होण्याचे दिवस थोडे मिळाले आणि माथ्याखाली माणसांची रांग लागली. तो फोटो जगभर छापून आला. निहाल त्या रांगेत बारा तासांहून जास्त अडकून पडला. उतरताना त्याच्यात ताकद उरली नव्हती. शेर्पांनी त्याला धरून चौथ्या मुक्कामापर्यंत आणले, तिथे त्याने प्राण सोडला. त्या हंगामात एव्हरेस्टवर अकरा जण गेले, त्यांत ठाण्याच्या एक भगिनीही होत्या. अल्लाह निहालला मगफिरत देवो. माझ्या बहिणीने दारामागून हे ऐकले आणि ती आत निघून गेली.

भाचा बराच वेळ बोलला नाही. नंतर विचारले, "मग चूक कुठे झाली, मामू?" कुणा एकाची चूक दाखवता येत नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट वाटते. सर्वांत अवघड निर्णय माथा समोर दिसत असताना मागे फिरण्याचा असतो. पाकिस्तानच्या समीना बेगने २०१३ मध्ये एकविसाव्या वर्षी एव्हरेस्ट सर केले. तिचा भाऊ मिर्झा अली तिच्याबरोबर होता. तो माथ्याखाली सुमारे अडीचशे मीटरवर थांबला आणि बहिणीला पुढे जाऊ दिले. स्वतः तो सहा वर्षांनी वर गेला. अडीचशे मीटर म्हणजे आपल्याकडे बसस्टँडवरून चौकात जाण्याइतके.

पैशाचेही बोललो. नेपाळचा नुसता परवाना आता पंधरा हजार डॉलर, म्हणजे तेरा लाखांच्या घरात. शेर्पा, प्राणवायू, विमा, कपडे हे सगळे वेगळे. सहा एकर सोयाबीनवर हे होत नाही आणि शेत विकून तर मुळीच करू नये. पण उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, दार्जिलिंगच्या हिमालयन संस्थेत सुमारे महिनाभराचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. तिथे दोर, बर्फ, गाठी, माघार सगळे शिकवतात. त्याची फी आपल्यासारख्या घराला जुळवता येते. त्यात चांगली श्रेणी मिळाली तर पुढचा अभ्यासक्रम. एव्हरेस्ट झाले तर दहा वर्षांनी, आणि नाही झाले तरी मुलगा काहीतरी शिकून घरी येतो. बहिणीच्या नवऱ्याला हे पटले की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी विचारले, "थंडीचे कपडे तिथेच मिळतात का?"

अट मात्र मी घातली. आधी कळसूबाई. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे अकोल्याहून रात्रीच्या गाडीने निघालो, इगतपुरीला उतरलो, तिथून बारी गावी. पहाटे फजरची नमाज झाली आणि चढायला लागलो. माझे वय एकसष्ट, गुडघे बोलत होते. पहिल्या शिडीपर्यंत भाचा माझ्या पुढे पळत होता. तिसऱ्या शिडीला तो कठड्याला टेकून उभा राहिला.

वाटेत चाळिशीच्या एक बाई लिंबूसरबत विकत बसल्या होत्या. शेजारी पाण्याचा कॅन, लिंबांची पिशवी, बर्फाचा डबा. भाच्याने दोन ग्लास प्यायले आणि विचारले, "मावशी, हे पाणी वर कुठे मिळतं?" त्या हसल्या. "वर कुठलं मिळतंय? गावातून आणायचं, डोक्यावर." रोज? "रोज. शनिवार-रविवारी दोन खेपा."

वर पोहोचल्यावर देवीच्या छोट्या मंदिरामागे सावलीत बसलो. भंडारदऱ्याचे पाणी खाली चमकत होते. मला वाटले, आता हा फोटो काढील. त्याने मोबाईल काढला, पण कॅलक्युलेटर उघडला. बारीपासून माथ्यापर्यंत चढ आठ-नऊशे मीटर, असे त्याने वाटेतल्या एका माणसाकडून काढून घेतले होते. थोडा वेळ आकडे दाबले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मामू, ही मावशी इथपर्यंत आली तर दहा दिवसांत एक एव्हरेस्ट होतं. कॅन घेऊन."

उतरताना त्याने तिच्याकडून पुन्हा एक ग्लास घेतला आणि रिकामा कॅन खाली गावापर्यंत स्वतः उचलून आणला. उत्तरकाशीचा अर्ज त्याने डिसेंबरात भरला. प्रतीक्षा यादी लांब आहे, नंबर अजून लागायचा आहे.